जेम्स की चार्ल्स? हिवाळाभर एकच राजा घ्यायचा असेल तर

दिवाळीच्या आधी एक फोन आला. पलीकडच्या तालुक्यातल्या वाचक मंडळाने यंदा सतराव्या शतकातलं इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांचं भांडण हा विषय घेतलाय. बैठका सहाच मिळणार, आणि सहा बैठकांत जेम्स हा बाप आणि चार्ल्स हा लेक, दोघेही मावायचे नाहीत. "तुम्ही दोन्ही करून बसलाय. पहिला जेम्स घेऊ की पहिला चार्ल्स?" मी तेव्हा भाजी बाजारात होतो. "दोन्ही चांगले आहेत," असलं काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आता देतो.

आमच्याकडे एका हिवाळ्यात चार्ल्स झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जेम्स. वाचनालयाची तीच वरची खोली, त्याच डुगडुगत्या खुर्च्या, माणसंही बहुतेक तीच. तुलनेला एवढं पुरे असावं. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. दुसऱ्या वर्षापर्यंत आम्ही सगळेच थोडे तयार झालो होतो, त्याचा फायदा जेम्सला आपसूक मिळाला. तेवढे गुण तुम्ही वजा करून घ्या.

राजाचा दैवी अधिकार (राजाची सत्ता थेट देवाने दिलेली, हा दावा) म्हणजे काय, लॉर्ड्स (सरदारांचं सभागृह) आणि कॉमन्स (निवडून आलेल्यांचं सभागृह) यांत फरक काय, पार्लमेंट बोलवायचं आणि बरखास्त करायचं कोणाच्या हातात, हे तुमच्या मंडळींना माहीत आहे असं धरून चालतो.

चार्ल्सची बाजू आधी, कारण ती मांडायला सोपी. या गड्याला वक्ता लागतच नाही. २ मार्च १६२९ चा दिवस घ्या. सभागृह तहकूब करण्याचा राजाचा हुकूम आलाय. स्पीकर जॉन फिंच खुर्चीतून उठायला लागतो, तेवढ्यात डेन्झिल होलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन हे सभासद त्याला धरून परत खाली बसवतात. होलिस देवाची शपथ घालून सांगतो, आम्हाला उठावंसं वाटेपर्यंत तुम्ही बसायचं. दाराला आतून कुलूप, बाहेर राजाचा माणूस दार ठोठावतोय, आणि इकडे स्पीकर रडतोय. जॉन एलियट या सभासदाने ठराव लिहून आणलेत, पण ते वाचायला ना स्पीकर तयार ना कारकून. एलियट वैतागून कागद विस्तवात टाकतो. मग होलिस तेच ठराव आठवून म्हणून दाखवतो आणि सभागृह ओरडून होकार देतं. मी हे नुसतं वाचून दाखवलं, तर आमच्या खोलीत चहाचे कप हातातच राहिले होते.

आणि ४ जानेवारी १६४२. पाच सभासदांना धरायला राजा स्वतः चारेकशे माणसं घेऊन कॉमन्समध्ये येतो, स्पीकरची खुर्ची मागून घेतो, नजर फिरवतो, तर पाचही जण आधीच पसार. स्पीकर लेन्थॉल गुडघे टेकून सांगतो की सभागृहाने सांगितल्याशिवाय मला इथे डोळेही नाहीत आणि जीभही नाही. असा प्रसंग हातात असल्यावर बैठक पडणार कशी? आमची एकही पडली नाही. जानेवारीत शेतांवर भरीत पार्ट्यांचा जोर असतो, त्या दिवसांतही खोली भरलेली. जळगावकडच्या माणसाला यापेक्षा मोठी पावती ठाऊक नाही.

जेम्सचं तसं नाही. जेम्सला हाताने ढकलून सुरू करावा लागतो, जुन्या डिझेल इंजिनासारखा.

पहिल्याच बैठकीला मी पाव किलो काळ्या मनुका घेऊन गेलो होतो. बशीत ओतल्या आणि मधे ठेवल्या. कारण जेम्सच्या काळातल्या एका मोठ्या भांडणाच्या मुळाशी मनुकाच आहेत. जॉन बेट नावाचा लंडनचा व्यापारी पूर्व भूमध्यसागराकडून मनुका आणायचा. हंड्रेडवेटमागे (म्हणजे साधारण पन्नास किलोंमागे) अडीच शिलिंग ही जुनी रीतसर जकात, त्यावर राजाने पार्लमेंटला न विचारता आणखी पाच शिलिंग चढवलेले. म्हणजे मुळापेक्षा वरचा बोजा दुप्पट. बेटने एक गाडी जकात न भरताच धक्क्यावरून हाकलून दिली. खटला झाला. १६०६ मध्ये न्यायाधीश म्हणाले, राजा बरोबर आहे: परदेशाशी व्यापार आणि बंदरं हा राजाच्या खास अखत्यारीतला मामला, तिथे त्याने काय करावं हे त्याचं तो ठरवील. मग १६०८ मध्ये राजाचा खजिनदार सॉल्सबरीने, म्हणजे रॉबर्ट सेसिलने, तशीच वरजकात मालाच्या लांबलचक यादीवर बसवली आणि मनुकांची गोष्ट साऱ्या व्यापाराची झाली.

मनुका अर्ध्या तासात संपल्या, प्रश्न संपले नाहीत. कायद्याने राजा बरोबर होता का? न्यायाधीश तरी तसंच म्हणाले. मग कॉमन्सची तक्रार नेमकी कशाची? पाच शिलिंगांची नव्हे. आज मनुकांवर चालतं ते उद्या कशावर चालणार नाही, ही धास्ती. आमच्याकडे जकात नाक्यावर उभी हयात काढलेले एक गृहस्थ येतात, ते त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडून बोलले, आणि पंधरा मिनिटं बोलले. चार्ल्सच्या सहा बैठकांत त्यांचा आवाजही आम्ही ऐकला नव्हता.

दुसरी बैठक १६१० च्या मोठ्या कराराची. ही थोडी जड जाते, तयारी करून जा. सॉल्सबरीचा प्रस्ताव असा: राजाने दोन जुने हक्क सोडायचे. एक, राजाकडून जमीन धरणारा वारस अज्ञान असला तर त्याचं पालकत्व राजाकडे जायचं आणि राजा ते पालकत्व चक्क विकायचा. दुसरा, राजवाड्याच्या मुदपाकखान्यासाठी ठरीव कमी भावाने सक्तीची खरेदी. हे दोन्ही सोडले की पार्लमेंटने राजाला दरसाल २ लाख पौंड बांधून द्यायचे. कागदावर दोघांचंही भलं. पण नोव्हेंबरात सगळं फिसकटलं. राजाला वाटलं, जे सोडतोय त्या मानाने पदरात फार पडत नाही. कॉमन्सला वाटलं, एकदा याची वर्षाची सोय लागली तर हा आपल्याला परत बोलावेल कशाला?

इथे मी एक गंमत केली. चहाच्या आधी हात वर करायला लावले: कॉमन्समध्ये असता तर सही केली असती का? बहुतेक हात वर. चहानंतर परत विचारलं, तर निम्मे खाली. चहात मी काही घातलं नव्हतं. लोकांनी आपापसात हिशेब मांडला होता, इतकंच.

आता त्या त्रासाकडे येतो, ज्याने माझ्यापुरता निकाल लावला.

चार्ल्सचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. ज्याला इंग्लंडच्या इतिहासातलं दुसरं काही माहीत नाही त्यालाही एवढं माहीत असतं की या राजाचं मुंडकं उडवलं. आमची तिसरी बैठक १६२८ च्या पिटिशन ऑफ राइटवर, म्हणजे पार्लमेंटने राजाकडे केलेल्या हक्कांच्या अर्जावर होती. निवृत्त वकील असलेल्या एका सभासदांनी फार मेहनत घेतली होती. सक्तीचं कर्ज द्यायला नकार देणारे पाच सरदार, त्यांना तुरुंगात का ठेवलं याचं कारण विचारल्यावर 'राजाच्या खास हुकमावरून' एवढंच आलेलं उत्तर, त्यातून उभी राहिलेली मागणी, कॉमन्सने शब्दाशब्दावर घातलेला घोळ. सगळं सुंदर मांडलं. संपल्यावर पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "ते ठीक आहे हो वकीलसाहेब, पण शेवटी उडवलंच ना?"

खोली हसली, मीही हसलो. पण चर्चा तिथे मेली ती मेलीच. आणि पुढच्या तीन बैठकांत तेच. एलियट १६३२ मध्ये लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात मेला म्हटलं की "फेडलं पुढे त्याने". हॅम्पडनने वीस शिलिंगांच्या शिप मनीसाठी (आरमाराच्या नावाने राजाने पार्लमेंटला न विचारता बसवलेला कर) खटला लढवला आणि बारा न्यायाधीशांत सात विरुद्ध पाच असा निसटता हरला म्हटलं की "बघा, तेव्हाच कळायला हवं होतं". प्रत्येक गोष्ट वधस्तंभाची एकेक पायरी. कोणी मधे थांबून विचारत नाही की त्या दिवशी त्या माणसाला काय दिसत होतं.

काकांना तरी काय नावं ठेवू? हिवाळा संपल्यावर मी माझीच वही चाळली. १६२५ ला पहिल्या पार्लमेंटच्या कॉमन्सने चार्ल्सला जकात नेहमीसारखी जन्मभरासाठी न देता एकाच वर्षापुरती द्यायचं ठरवलं, तिथे समासात मी लिहिलेलं: 'इथूनच सुरुवात.' १६२६ ला राजाचा लाडका मंत्री बकिंगहॅम याच्यावर महाभियोग आणला, तिथे: 'इथूनच सुरुवात.' १६२९ ला तेच. १६३७ ला एडिंबरोत नव्या प्रार्थनापुस्तकावरून दंगल, तिथेही तेच. चार ठिकाणी सुरुवात! शेवट डोक्यात बसलेला, म्हणून जिथे बघावं तिथे सुरुवातच दिसत होती.

आणि १६२५ चं ते प्रकरण सरळ वाचलं तर त्यात वधस्तंभ कुठेच नाही. मनुकांपासून चालत आलेला वरजकातीचा वाद बापाच्या काळात मिटला नव्हता. कॉमन्सला वाटलं, तो आधी मिटवू, मग जन्मभराचं बघू. लॉर्ड्सनी तेही मंजूर केलं नाही, आणि चार्ल्स मंजुरीशिवायच जकात गोळा करत राहिला. बापाची थकबाकी लेकाच्या दाराशी आली, इतकी साधी गोष्ट. १६४२ च्या उन्हाळ्यात पार्लमेंटने फौज उभी केली तीदेखील 'राजा आणि पार्लमेंट' यांच्या नावानेच. हे मी पोटतिडकीने सांगितलं. पण ज्यांना ३० जानेवारी १६४९ चा चौथरा दिसतोय त्यांना १६४२ ची भाषा कशी ऐकू जाणार?

एका सभासद ताईंनी यावर चांगला आक्षेप घेतला होता. रामायणाचा शेवटही आपल्याला माहीत असतो, तरी ऐकतोच की. खरं आहे. पण तिथे आपण कोण बरोबर ते ठरवायला बसत नाही. इथे तेवढंच करायला जमलो होतो. अर्थात हा माझा त्रास झाला. तुमच्या पुढच्या रांगेत असे काका नसतील तर कदाचित होणारही नाही.

जेम्स २७ मार्च १६२५ ला थिओबाल्ड्सच्या वाड्यात अंथरुणात मेला. वयाची अठ्ठावन्न वर्षं झालेली, डोकं धडावर. त्यामुळे त्याच्या भांडणांचा निकाल कोणी आधीच लावून ठेवलेला नाही. तुम्हालाच लावावा लागतो.

त्याची बाजू घ्यावीशी वाटेल असं बरंच आहे. १६२१ घ्या. जावयाचं जर्मनीतलं पॅलटिनेटचं राज्य कॅथलिक फौजांनी गिळलंय, सगळी कॉमन्स युद्धाच्या गप्पा मारतेय. तीस हजारांची फौज पोसायला वर्षाला ९ लाख पौंड लागतील असा राजाच्या युद्धमंडळाचा अंदाज. कॉमन्सने दिल्या दोन पट्ट्या (सबसिडी, म्हणजे गरजेपोटीचा जादा कर), दोन्ही मिळून दीड लाखाच्या आसपास. तोंडाने युद्ध आणि हाताने चिल्लर. जेम्सला युद्ध नकोच होतं, तो मुलाचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी लावून जावयाचं राज्य बोलण्यातून सोडवू बघत होता. एरवी ही कल्पना भाबडी वाटते, पण ९ लाखांचा आकडा समोर ठेवून बघा. आमच्या खोलीत त्या दिवशी निम्मे लोक राजाचे वकील झाले. चार्ल्सला सहा बैठकांत दीड वकील मिळाला असेल.

आणि मग तेच निम्मे लोक पुढच्याच तासात उलटले. कारण डिसेंबर.

कॉमन्सने अर्ज केला: राजपुत्राचं लग्न प्रोटेस्टंट मुलीशी लावा, स्पेनशी लढा. जेम्स न्यूमार्केटला शिकारीत रमलेला, तिथून त्याचं खरमरीत पत्र आलं की राज्याच्या गूढ गोष्टींत तोंड घालू नका. कॉमन्स म्हणाली, बोलणं हा आमचा हक्क. जेम्सचं पुन्हा पत्र: तुमचे हक्क मोडायचे नाहीत मला, पण ते 'हक्क' आणि 'वारसा' असलं लिहिता त्यापेक्षा आमच्या पूर्वजांच्या आणि आमच्या कृपेने मिळालेत असं लिहा. यावर १८ डिसेंबरला कॉमन्सने निवेदन करून आपल्या कामकाजाच्या वहीत लिहून घेतलं की पार्लमेंटची स्वातंत्र्यं आणि अधिकार हा इंग्लंडच्या प्रजेचा प्राचीन, निर्विवाद जन्मसिद्ध हक्क आणि वारसा आहे.

मी हे दोन शब्द फळ्यावर लिहिले: वारसा, कृपा. मागे एक निवृत्त तलाठी बसतात, ते म्हणाले, "म्हणजे हे म्हणतायत वतन आहे, आणि तो म्हणतोय खुशी आहे. दप्तरी नोंद कोणाची?" एवढ्या एका वाक्यात त्यांनी माझी चार पानं वाचवली.

कारण दप्तरी नोंद हाच पुढचा अंक आहे. ३० डिसेंबरला व्हाइटहॉलला जेम्सने कॉमन्सच्या कारकुनाला वहीसकट बोलावून घेतलं. भोवती सगळं मंत्रिमंडळ. लंडनमध्ये हजर असलेले सहा न्यायाधीशही होते. राजाने जाहीर केलं की हे निवेदन रद्द, शून्य, आणि मग स्वतःच्या हाताने ते वहीतून काढून टाकलं.

एक राजा, एक वही आणि फाटलेला कागद. ना फौज, ना कुऱ्हाड. अख्ख्या भांडणाचं चित्र मला याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. अनेक सरकारी कचेऱ्यांत आयुष्य काढलेल्या आमच्या मंडळींना तर ते समजावून सांगायलाच लागलं नाही. वहीतलं पान फाडणं म्हणजे काय असतं, आणि पान फाडणारा किती घाबरलेला असतो, हे त्यांनीच मला सांगितलं. पान फाडून उपयोगही झाला नाही. मजकुराच्या नकला राहिल्या आणि तो आजही शब्दन्‌शब्द वाचता येतो.

एक तपशील तर मी मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवला होता. त्या दिवशी त्या दालनात राजाशेजारी राजपुत्रही बसला होता. एकवीस वर्षांचा चार्ल्स.

हे सांगितल्यावर खोलीत जे झालं ते चार्ल्सच्या सहा बैठकांत एकदाही झालं नव्हतं. कोणीच काही बोललं नाही. पुढच्या रांगेतले काकासुद्धा.

बाकीचे फरक बारीक आहेत, पण तयारीला बसाल तेव्हा जाणवतील. जेम्स बोलतो, भरपूर बोलतो. पार्लमेंटपुढे मास्तरासारखा तास घेतो, राजांना देव म्हणतात ते बरोबरच आहे असं १६१० मध्ये तोंडावर सांगतो, आणि पुढे व्यवहारात तडजोडही करतो. १६०४ मध्ये बकिंगहॅमशायरच्या एका निवडणुकीवरून जुंपली, तेव्हा शेवटी दोन्ही उमेदवार बाजूला सारून नव्याने निवडणूक घ्यायला तो तयार झाला. तोंडाने वाघ, हिशेबाने वाणी. चार्ल्स अडखळत आणि मोजकं बोलायचा, त्यामुळे त्याच्या मनात काय होतं हे दुसऱ्यांच्या लिहिण्यातून उकरावं लागतं. बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायला जेम्स कधीही बरा. त्यात विनोदही आहे. १६२२ च्या जानेवारीत, ते पार्लमेंट बरखास्त झालं त्याच सुमाराला, स्वारी घोड्यावरून न्यू रिव्हरच्या गोठलेल्या पाण्यात पडली आणि वर नुसते बूट दिसत होते. लोकांनी ओढून काढलं. आमच्याकडे अजून कोणी सभेत फार बोलायला लागलं की मागून कोणीतरी 'बूट' म्हणतं.

आणखी एक. चार्ल्सने अकरा वर्षं पार्लमेंटशिवाय राज्य केलं, याचा फार गवगवा होतो. पण १६११ ते १६२१ या दहा वर्षांत जेम्सनेही एकदाच पार्लमेंट भरवलं, १६१४ मध्ये, जेमतेम दोन महिने, आणि त्यात एकही कायदा झाला नाही की एक पैसा मंजूर झाला नाही. बापाने केलं ते लेकाने केलं, मग एकाचं खपलं आणि दुसऱ्याचं का नाही? हा प्रश्न चार्ल्सकडून सुरुवात केली तर सुचतच नाही.

त्याच १६१४ च्या फुकट गेलेल्या पार्लमेंटचा एक सभासद म्हणजे सर टॉमस रो. पुढच्याच वर्षी जेम्सचा राजदूत म्हणून तो सुरतेला उतरला आणि तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूर गाठून जहांगिराच्या भेटीला अजमेरला गेला. म्हणजे आमच्या खानदेशातून. लंडनला ज्याने राजाशी हुज्जत घालणारी सभा पाहिली, तो माणूस आपल्या मुलखातून बैलगाड्या घेऊन गेला, हे कळल्यावर दोन जण तर नकाशाच घेऊन बसले. खानदेशाबाहेर याचा कितपत उपयोग होईल ते सांगू शकत नाही.

जेम्सचे तोटेही सांगायला हवेत. पहिल्या दोन बैठका आकड्यांच्या आहेत आणि त्या नीट चालवल्या नाहीत तर तिसरीला तुम्ही आणि खुर्च्याच उराल. आमचेही तीन-चार जण पहिल्यानंतर फिरकले नाहीत. मराठी शब्दांची अडचण येते, पण ती वाटते तेवढी नाही. सबसिडीला मी सरळ 'पट्टी' म्हणतो. पेशवाईच्या कागदांशी तोंडओळख असलेल्या कोणालाही कळतं की नेहमीच्या वसुलीवर गरजेपोटी घेतलेली वरची रक्कम म्हणजे पट्टी. 'मक्तेदारी' तयारच आहे, आणि ती लागतेच, कारण १६२१ च्या पार्लमेंटने सोन्या-चांदीच्या जरीचे आणि खाणावळींच्या परवान्यांचे मक्ते घेतलेल्या माणसाला धरलं, तिथून सुरू झालेली चौकशी लॉर्ड चॅन्सेलर फ्रान्सिस बेकनच्या लाचखोरीपर्यंत पोचली आणि त्याला ४० हजार पौंड दंड झाला. दंड राजाने पुढे माफ केला, ती गोष्ट वेगळी.

वाचायला साहित्यही मुबलक आहे. त्या काळची कॉमन्सची कामकाजवही इंटरनेटवर फुकट वाचता येते, आणि १६२१ साली सभासदांनी खाजगीत ठेवलेल्या टिपणवह्या तर सात खंडांत छापलेल्या आहेत. एकाच दिवसाचं एकच भाषण तीन सभासदांनी तीन तऱ्हेने टिपलेलं सापडतं. आम्ही एक भाषण असं तीन जणांना वाटून वाचलं, तर वाटेना की एकाच सभेचं आहे.

मग चार्ल्स कोणी घ्यावा? बैठका सहाच्या जागी तीनच असतील, तर डोळे मिटून चार्ल्स. कॉलेजची मुलं समोर असतील तरी चार्ल्स. त्यांना नावं आधीच ओळखीची असतात आणि परीक्षेतही तोच विचारतात. मंडळात वकील जास्त असतील तर पिटिशन ऑफ राइट आणि हॅम्पडनचा खटला यांवरच हिवाळा निघेल, आणि चांगला निघेल. पहिल्याच वर्षी मंडळाला गर्दी हवी असेल तर माझं म्हणणं गुंडाळून ठेवा आणि स्पीकरला खुर्चीत दाबून बसवा.

पण तुमच्या मंडळात हिशेब कळणारी चार माणसं असतील, आणि लोकांनी भांडण 'बघावं' यापेक्षा त्यात उतरावं असं वाटत असेल, तर मी आपला जेम्स सुचवीन. चुकत असेन कदाचित. दोन हिवाळ्यांवरून माणूस काय ते सांगणार?

आमची जेम्सची शेवटची बैठक १६२४ वर झाली. लग्न न जमता माद्रिदहून हात हलवत परत आलेला चार्ल्स आणि बकिंगहॅम आता कॉमन्सच्या बाजूला, दोघांनाही स्पेनशी युद्ध हवंय, आणि खजिन्यात पैसा नाही म्हणून युद्धाच्या आड येणाऱ्या क्रॅनफिल्डला, राजाच्याच खजिनदाराला, महाभियोग लावून काढायचं चाललंय. जेम्सने त्यांना बजावलं, त्याचा सारांश असा: बकिंगहॅम, तू आपल्याच पाठीसाठी काठी तासतोयस, आणि बाळा, महाभियोगांनी तुझं पोट भरेल असे दिवस तू बघशील. त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्या क्लॅरेंडनने पुढे हे लिहून ठेवलंय. मी वाचलं आणि वही मिटली.

पुढच्या रांगेतले काका म्हणाले, "मग? दोन वर्षांतच ना त्या बकिंगहॅमचा नंबर लागला? तो १६२६ चा भाग परत एकदा घ्या की नीट. तेव्हा आम्ही ऐकलाच नाही."

खाली शिपाई किल्ल्या वाजवत होता, म्हणून तो भाग राहिला. माझ्या चार्ल्सच्या दोन्ही वह्या आता मोकळ्या आहेत. जेम्सनंतर तुमच्या लोकांनी मागितल्या तर एसटीने पाठवतो. समासातलं 'इथूनच सुरुवात' तेवढं वाचू नका. आणि मनुका काळ्याच घ्या, किशमिश नको. आमच्याकडच्या एका ताईंनी त्यावरूनही हरकत घेतली होती.